मधुमेही भगिनींच्या आहारातील ब-१२ जीवनसत्त्व

कपाशीवर लाल्या दिसला म्हणजे अनुभवी शेतकरी लगेच फवारणीला धावत नाही. मॅग्नेशियम कमी पडले, नत्र कमी पडले की तुडतुडे वाढले, हे तो आधी पाहतो. मधुमेह असलेल्या स्त्रीच्या तळपायांची आग होऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या, की घरात मात्र एकच निदान ठरलेले असते : साखर वाढली. साखरेमुळे असे होतेच. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही हीच लक्षणे दिसतात आणि ही कमतरता वेळीच भरून काढता येते.

यवतमाळ जिल्ह्यातील रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी आणि जवसाची चटणी. ब गटातील बरीचशी जीवनसत्त्वे यातून मिळतात. ज्वारी कोंड्यासह दळली जात असल्याने तिच्यातील ब-१ टिकते. पॉलिश केलेल्या तांदळातून ते बरेचसे निघून जाते. डाळी, हरभरा व पालेभाज्यांतून फॉलिक आम्ल मिळते. ते पाण्यात उतरते, म्हणून पालक, चिवळ शिजवून पाणी फेकू नये. अंबाडीचे आंबट पाणी टाकावेच लागते, तेव्हा एकट्या अंबाडीवर विसंबू नये.

ब-१२ मात्र यांपैकी कशातच नाही. ते सूक्ष्म जीवाणू तयार करतात आणि आपल्याला दूध, दही, अंडी, मासे, मांस व विशेषतः कलेजीतून मिळते. सोयाबीन प्रथिनांनी समृद्ध असले तरी त्यात ब-१२ नाही; मटकीला मोड आणूनही ते येत नाही. दिवसाची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम असते. एका अंड्यातून अंदाजे अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो. गोठ्यात म्हैस असूनही दूध डेअरीला जाते, उरलेले मुलांना मिळते आणि घरची बाई कोऱ्या चहावर राहते, हे बऱ्याच घरांतले चित्र आहे.

त्यात मधुमेहासाठी सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षे घेतल्यास आतड्यातून ब-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडकीस येते. थकवा, जिभेची आग, विसराळूपणा ही लक्षणे वयावर ढकलली जातात. आणखी एक धोका आहे. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळीने या कमतरतेतील रक्तक्षय सुधारलेला दिसतो. नसांची हानी मात्र चालूच राहते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रश्न एकट्या आईचा नाही.

मधुमेही भगिनींनी रोज बिनसाखरेचे एक पेला दूध व वाटीभर दही घ्यावे. चालत असल्यास अंडे घ्यावे. मेटफॉर्मिन सुरू होऊन बरीच वर्षे झाली असल्यास डॉक्टरांना विचारून रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. कमतरता फार असेल तर आहाराने भागत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शन लागते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नये. बधिर पायाला पऱ्हाटीचा खुंट टोचलेला कळत नाही. वेचणीला जाताना पायात बूट घालावेत व संध्याकाळी तळवे उजेडात पाहावेत.