पेन्शनचा हप्ता आणि आयकराची सूट



"पेन्शनमध्ये पन्नास हजार भरा, कर वाचेल," असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्याचा खरा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

सूट करातून नव्हे, उत्पन्नातून मिळते. राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेल्या रकमेवर २०१५-१६ पासून ५०,००० रुपयांपर्यंत जादा वजावट आहे. समजा, चिखलीला नोकरीस असलेल्या मुलाची ही रक्कम २० टक्क्यांच्या टप्प्यातून कमी झाली. कर १०,००० व ४ टक्के उपकर ४००, असे १०,४०० रुपये वाचले. बाकीचे ३९,६०० खिशातलेच. अन् ते हवे तेव्हा काढता येत नाहीत.

ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. २०२३-२४ पासून न सांगता नवी पद्धत लागू होते. तिथं स्वतःच्या हप्त्याला सूट नाही, मालकाच्या हिश्श्याला आहे.

आता आपला ऊस. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे. करच नाही, तर वाचणार काय? नुसत्या शेतीवर असणाऱ्याने सूट नव्हे, म्हातारपण पाहून पैसे टाकावेत. १८ ते ४० वयासाठी अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी हप्ता महिना २१०, चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्याला तीत नव्याने शिरता येत नाही.

तेव्हा उसाचं बिल हाती आलं की आधी विचारा : घरात कर कोण भरतो, अन् कोणत्या पद्धतीनं? सही मग करा.