जॅक रसेल वाटूरच्या उन्हात टिकेल का?

प्रश्न : गोठ्यात आणि सोयाबीनच्या पोत्यांत उंदीर-घुशी फार झाल्यात. मुलगा जॅक रसेल टेरिअर आणू म्हणतो. आणावं का?
– एक वाचक, वाटूर (जि. जालना)

उत्तर : ‘टेरिअर’ हा शब्द लॅटिन ‘टेरा’वरून, म्हणजे जमिनीवरून आला. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल यांनी 1819 च्या सुमारास ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली. बिळातून कोल्हा हुसकावणारी ही जात तिच्यापासून पुढे आली. त्यामुळे उकरणं, भुंकणं, हलत्या वस्तूमागे धावणं तिच्या रक्तातच आहे. कोंबड्या सांभाळा! बांधून ठेवलं तर हे कुत्रं चिडचिडं होतं. त्याला रोज तासभर तरी पळवायला हवं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा पहाटे आणि दिवस मावळल्यावरच फिरवा. सावली आणि पाणी कायम हवं. गोचिडांपासून कुत्र्याला जीवघेणा ताप येऊ शकतो, म्हणून रोज कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा. रेबीजची लस तर हवीच. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही अवश्य द्या.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला, तर तेही दगावू शकतं. विष आणि टेरिअर एका गोठ्यात नकोत.

नुसत्या राखणीसाठी हवं असेल, तर गावातलंच एखादं पिल्लू पाळा. उन्हाची त्याला सवय असते. जॅक रसेल आणायचंच ठरलं, तर आधी घरातलं उंदराचं औषध काढून टाका.