तिसरा रकाना

माझगाव

चि. सोनू,

परवा तुझ्या आईचा फोन आला. सराव परीक्षेत मराठीच्या उताऱ्यात गुण गेले म्हणाली. गुणांचं मला काही नाही. पण तुझी उत्तरं तिनं वाचून दाखवली आणि माझी झोप उडाली. म्हातारीच्या चेहऱ्याला कोरड्या नदीपात्राची उपमा. उपमेय बरोबर, उपमान बरोबर, आणि साधारणधर्माच्या रकान्यात लिहिलंस 'सौंदर्य'! अगं, गाईडमध्ये मुखाला चंद्राची उपमा असते तिथे सौंदर्य लिहितात, म्हणून इथेही तेच? उतारा वाचलास तरी का?

'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्यावर अलंकाराचं नाव सांगता येतं. खरं काम तिसऱ्या रकान्यात असतं. भेगा तर कुणालाही सुचतील. पण भेगाच हव्या होत्या तर लेखकाला खडकही चालला असता. त्यानं नदीचं पात्र घेतलं, कारण तिथून एकेकाळी पाणी वाहत होतं. म्हातारीचं सगळं आयुष्य त्या एका उपमेत आहे, आणि तू त्यावर 'सौंदर्य' लिहून पुढे गेलीस.

आणखी एक उदाहरण घे. अण्णा भाऊ साठे 1958 साली मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनात म्हणाले होते, की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. शेष पुराणातला, सगळ्यांच्या ओळखीचा. अण्णा भाऊंनी भार तोच ठेवला आणि वाहणारा बदलला. पण तळहातच का, खांदा का नाही? मला वाटतं, खांद्यानं ओझं वाहतात, तळहातानं काम करतात. आणि तळहाताची मूठही वळते. असं विचारत जायचं गं.

एवढ्याशा उत्तरावरून आत्या इतकी का चिडली, असं तुला वाटेल. मला आप्पा आठवले. तुझे आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते, हे तुला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आप्पांना पुन्हा आत घेतलंच नाही. एकदा जेवताना म्हणाले, "मी बंद साचा झालोय." निकामी झालोय, एवढाच अर्थ मी घेतला. आप्पा गेल्यावर त्यांच्या गिरणीतल्या जोडीदारानं सांगितलं, चालता साचा बंद पडला की बीमवरचा ताणा तसाच ताणलेला राहतो, पुढे अर्धं विणलेलं कापड, धोटा पेटीत तयार. आप्पांना हेच म्हणायचं होतं का? विचारायचं राहून गेलं. मराठी घेऊन बी. ए. करायचं होतं, ते सोडून मी तेव्हा शर्टांना काजं-बटणं करत होते. ते सलतंच. पण आप्पांना न विचारलेलं जास्त सलतं.

म्हणून तुझं ते 'सौंदर्य' इतकं लागलं. उद्या कुणी तुझ्याशी असंच काही बोलेल आणि तू रकाना भरून मोकळी होशील, या भीतीनं.

फार बोलले का? रडू नकोस. भंडारवाड्याच्या टेकडीवर, बाप्टिस्टा बागेत, तू माझं बोट धरून उभी होतीस. गोदीतल्या क्रेन बघून म्हणालीस, "आत्या, जिराफ पाणी पितायत." लांब मान कुणीही पाहिली असती, त्या वाकल्यात हे तू पाहिलंस. तेव्हा तुला शाळासुद्धा नव्हती. तुझी नजर गेलेली नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

रविवारी ये. डॉकयार्ड रोडला उतरलीस की फोन कर, मी न्यायला येते. पेपर घरीच ठेव, उतारा तेवढा आण, दोघी मिळून वाचू. आईला म्हणावं डबा देऊ नकोस. बोंबील तळणार आहे, तुला लागतात तसे कुरकुरीत.

तुझी,
आत्या