डोंगर चढताना : गोळी, दम आणि गुडघे

नवरात्र जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, माहूरला चाललोय, चढायला चालंल ना?" हल्ली त्यात दोन नावांची भर पडली आहे. तरुण मुले कळसूबाईला निघतात आणि निवृत्त मंडळी केदारनाथला. आपण सपाट काळ्या रानातली माणसे. पूर्णेत सर्वांत उंच चढण कोणती, तर स्टेशनचा पूल! तेव्हा हा प्रश्न विचारणे शहाणपणाचेच आहे. त्याला उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकलो आहे, तेच आधी सांगतो.

माझे एक जुने रुग्ण, वय ६२, रेल्वेतून निवृत्त झालेले, मधुमेह दहा वर्षांचा. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला निघाले. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि "खुशाल जा" म्हणालो. त्यांचे नऊ दिवस उपवास आहेत हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सकाळची साखरेची गोळी त्यांनी नेमाने घेतली, पोटात फक्त चहा. गाडी वरपर्यंत जात असताना हौसेने खालून पायी चढले. अर्ध्या वाटेत दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, मग ते असंबद्ध बोलू लागले. भोवतालच्या लोकांना वाटले, अंगात आले. कोणी हात जोडले, कोणी नारळ आणायला धावले. एका प्रसादवाल्याने मात्र साखर पाण्यात कालवून पाजली. पाव तासात गृहस्थ शुद्धीवर आले आणि "मी इथे कसा बसलो?" म्हणून विचारू लागले.

यात झाले काय? ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यात चढणीवर मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. उपवास, गोळी आणि चढण हे तिन्ही एकत्र आले की साखर खाली घसरते. मेंदूचे काम मुख्यतः साखरेवरच चालते, म्हणून बडबड सुरू होते आणि पुढे बेशुद्धी येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही.

म्हणून मधुमेही वाचकांना माझी विनंती आहे, की निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उपवासाचे स्पष्ट सांगा. गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने घेऊही नका. किती कमी करायची ते ते ठरवतील. साखरेची पुडी किंवा ग्लुकोज सामानात न ठेवता खिशात ठेवा, कारण सामान बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर असते. घाम व कंप सुरू होताच बसा, तीन चमचे साखर खा आणि त्यावर काहीतरी भरीव खा. उपवास मोडला तर मोडू द्या. देवीला राग येणार नाही, एवढी खात्री मी डॉक्टर असूनही देतो. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. शुद्धीवर आला तरी दाखवाच, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

आता दमाचे. किती वेगाने चढावे याला यंत्र लागत नाही. चढताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त आहे. छातीत दाटणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे याला 'पित्त' म्हणून पुढे चढू नका. तिथेच बसा आणि खाली नेण्याची सोय करा.

वेळेचा अंदाज घ्यायला १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने सोपा हिशेब मांडला. ५ किलोमीटर चालीला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. गौरीकुंड ते केदारनाथ ही वाट सुमारे १६ किलोमीटर आणि चढ सुमारे १६०० मीटर. म्हणजे धडधाकट माणसालाच सहा तास लागतात, तेही न थांबता. आपल्या साठीच्या मंडळींनी नऊ-दहा धरावेत आणि पहाटेच निघावे.

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, पण हवा विरळ होऊन आजारी पडावे इतके ते उंच नाही. तिथे भीती पावसात निसरड्या झालेल्या लोखंडी शिड्यांची. केदारनाथचे गणित वेगळे. ते ३५८३ मीटरवर आहे. तिथे एका श्वासात आपल्याला सपाटीवरच्या सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला दिवस लागतात. आदल्या रात्री गुप्तकाशीला झोपून दुसऱ्या दिवशी थेट वर, हा आपला शिरस्ता, आणि हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. मग डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर रात्र असो वा पाऊस, माणसाला खाली आणायचे. शंका असेल तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर मेंदूला सूज येऊ लागली असे समजा. 'सकाळी बघू' म्हणून थांबण्यात जीव जातात. असिटाझोलामाइड नावाची गोळी आधीपासून घेतली तर उपयोग होतो, मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तिथून नुकतेच आलेले शेजारी डॉक्टर नव्हेत!

परत आल्यावर माझ्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते ती गुडघ्यांची. "चढताना काहीच नाही झालं, उतरताना गेले बगा." हे अगदी खरे आहे. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचे काम करतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात. हातात काठी घ्या, पावले लहान टाका, उड्या मारू नका. आणि सवय घरूनच करा. दीड-दोन महिने आधीपासून रोज स्टेशनच्या पुलाचा जिना चढा आणि उतरा. उतरणेही मोजून करा.

गडावर जाणाऱ्या मुलांना एकच सांगतो. कड्याला आग्यामोहोळ असते. धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळा.

आमचे ते रेल्वेवाले गृहस्थ पुढच्या नवरात्रात पुन्हा माहूरला गेले. निघण्याआधी दवाखान्यात आले, तपासायला हात पुढे करण्यापूर्वीच म्हणाले, "साहेब, यंदा एक वेळ जेवणार आहे. आता गोळीचं काय ते सांगा."