हवेची सरासरी आणि आपली छाती

दिवाळी सरून थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर खोकणाऱ्यांची गर्दी होते. यंदा त्यात एक निवृत्त गुरुजी होते. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तरी चार पायऱ्या चढले की धाप लागते. तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. त्यात महिनाभराची नोंद होती. धाप कोणत्या वेळी लागली, पंप किती वेळा घ्यावा लागला, वारा कोणत्या बाजूचा होता, सारे मास्तरी अक्षरात. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलगा मोबाईलवर चंद्रपूरच्या हवेचा आकडा दाखवतो. आकडा म्हणतो हवा 'समाधानकारक', आणि माझी छाती तर रात्रभर वाजते. दोघांत खोटे कोण?"

खोटे कोणीच नाही. पण हे समजावून सांगताना अर्धा तास गेला आणि बाहेरचे रुग्ण ताटकळले. म्हणून तेच आज येथे लिहितो.

आपल्या राज्यात हवेवर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. मंडळ १९७० सालचे. सुरुवातीला त्याचे काम पाण्यापुरते होते. १९८१ च्या हवा कायद्यानंतर हवाही त्याच्याकडे आली. धूर सोडणारा कारखाना चालवायचा तर मंडळाची संमती लागते. संमतीपत्रात चिमणी किती उंच हवी, धुरात धूळ किती चालेल, ती पकडणारी यंत्रे कोणती हवीत, हे लिहिलेले असते. औष्णिक वीज, सिमेंट, कागद अशा मोठ्या कारखान्यांच्या धुराची मोजणी यंत्राने सतत करून मंडळाकडे पाठवावी लागते. अटी मोडल्या तर कारखाना बंद करण्याचा, वीजपाणी तोडण्याचाही अधिकार मंडळाला आहे. आपल्या जिल्ह्यात कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद चारही आहेत. २००९ साली केंद्रीय मंडळाने देशातील औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथे आले. शाळेत एवढे गुण पडले असते तर पेढे वाटले असते!

ही झाली चिमणीची मोजणी. गावातल्या हवेची मोजणी वेगळी. जुन्या पद्धतीत यंत्राने हवा ओढून गाळण-कागदातून सोडतात आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करतात. हे आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस. नवी केंद्रे दिवसरात्र मोजत राहतात. सर्वांत घातक ती २.५ मायक्रॉनहून बारीक धूळ. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. नाकातले केस, घशातला कफ या धुळीला अडवू शकत नाहीत. ती थेट फुफ्फुसाच्या पिशव्यांत उतरते, काही रक्तातही जाते. म्हणून दम्याबरोबर हृदयविकारही वाढतो. आपल्या २००९ च्या मानकांप्रमाणे एक घनमीटर हवेत या धुळीची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली आहे.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. मोबाईलवरचा तो शब्दसुद्धा चोवीस तासांच्या सरासरीवरून ठरतो. समजा, संध्याकाळी तीन तास धूळ २०० वर गेली आणि उरलेले एकवीस तास ३० राहिली. सरासरी येते ५१. कागदावर हवा समाधानकारक! पण दम्याच्या माणसाला त्या तीन तासांत श्वास थांबवून सरासरीची वाट पाहता येत नाही. त्यात मोजणीचे यंत्र चंद्रपूरला आणि गुरुजी ट्रकच्या रस्त्यालगत. शिवाय चिमणी मंडळाची, गाड्यांचा धूर आरटीओचा, कचरा जाळणे नगरपालिकेचे आणि घरातली कोळशाची शेगडी कोणाचीच नाही. फुफ्फुस मात्र खाते पाहून श्वास घेत नाही.

यात आपण काय करू शकतो? येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती. अशा प्रकल्पाची जनसुनावणी मंडळ घेते. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते, प्रकल्पाचा सारांश मराठीत पाहायला मिळतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि कोणीही बोलू शकतो. जाता येत नसेल तर लेखी म्हणणे पाठवता येते. ती बारीक टायपातली जाहिरात मी वाचली होती. सुनावणी नेमकी बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात गर्दी. गेलो नाही, चार ओळीही पाठवल्या नाहीत. पुढे इतिवृत्त पाहिले. नोकऱ्या, मोबदला, रस्ता, सारे होते. आरोग्याविषयी दोन वाक्ये, तीही एका शेतकऱ्याची. तालुक्यातल्या एकाही डॉक्टरचे नाव नव्हते. हजेरी कितीही कमी असली तरी अशी सुनावणी पार पडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

नंतर ट्रक वाढले. त्या रस्त्यावरच्या वस्तीतली मुले आज घरघर घेऊन माझ्याकडे येतात. धुळीनेच हे झाले असे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण पूर्वी किती मुले येत होती याची नोंद मी ठेवलीच नव्हती. गुरुजींची वही पाहून मी त्याच आठवड्यात एक रजिस्टर घातले. छातीच्या रुग्णाचे वय, वस्ती आणि तारीख, बस इतकेच. तुमच्या घरी दम्याचा रुग्ण असेल तर तुम्हीही वही ठेवा. मंडळाच्या कार्यालयात तक्रार देताना "फार धूळ होते" एवढेच लिहू नका. दिवस, वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहा, आणि पोच घ्या.

तोवर थंडीतली काळजी घ्या. पहाटे गार हवेच्या थराखाली धूर जमिनीलगत कोंडतो, म्हणून छातीच्या रुग्णांनी फिरायला ऊन वर आल्यावरच जावे. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. त्या वायूने झोपेतच मृत्यू येतो. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. रोजचा पंप बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नका. आणि रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.