लंगोटाची पुरळ : घरगुती उपाय आणि त्यांच्या मर्यादा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील गाव. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आणि दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन, असा हा परिसर. कपाशीची वेचणी सुरू झाली की तान्ह्या मुलांच्या मातांनाही शेताची वाट धरावी लागते. बांधावरच्या झाडाला झोळी बांधलेली असते आणि ओला लंगोट बदलण्यास कित्येकदा बराच उशीर होतो. संध्याकाळी घरी आल्यावर बाळाचे कुल्ले आणि जांघा लाल झालेल्या दिसतात. हीच लंगोटाची पुरळ. शहरातील मुलांना ती डायपरमुळे होते, तर खेड्यातील मुलांना ओल्या फडक्यामुळे. कारण मात्र दोन्हीकडे एकच असते.

पुरळ का उठते?

ओलाव्याने बाळाची नाजूक त्वचा फुगून मऊ पडते आणि कापडाच्या घर्षणाने सोलवटते. लघवी व शी एकत्र आल्यास शीतील जंतूंमुळे लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो. पूर्वी केवळ अमोनियालाच दोषी मानले जाई. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीत मोठी भर घातली. अमोनियामुळे त्वचेवरील आम्लता घटते आणि त्यामुळे शीतील पाचक द्रव्ये अधिक प्रभावी होऊन त्वचेला इजा करतात, असे त्यातून दिसून आले. जुलाब लागलेल्या बाळाला ही पुरळ चटकन का उठते, याचे उत्तर यात आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला तिचा त्रास तुलनेने कमी होतो.

पाण्याचा प्रश्न

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. जेथे पाणी जड असते, तेथे साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट अंश कापडाच्या धाग्यांत राहून जातो. असा लंगोट वाळल्यावर कडक होतो व त्वचेला घासतो. म्हणून साबण बेताचा वापरावा. गोडे पाणी थोडेच उपलब्ध असेल, तर ते शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवावे. लंगोट कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ते दमट राहतात. अशा वेळी जुन्या सुती धोतराचे वा लुगड्याचे जास्तीचे तुकडे हाताशी असणे हाच उत्तम उपाय होय.

घरी काय करावे?

पहिला उपाय कोरडेपणाचा. लंगोट ओला होताच बदलावा. शी झाल्यावर कोमट, स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावे. मुलींना पुढून मागे धुवावे. न चोळता मऊ फडक्याने टिपून घ्यावे. त्यानंतर बाळाला काही वेळ लंगोटाविना मोकळे ठेवावे. दिवसातून अनेकदा असे केल्यास साधी पुरळ बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरू लागते.

दुसरा उपाय संरक्षक थराचा. त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर स्वच्छ खोबरेल तेलाचा पातळ थर लावल्यास ओलावा थेट त्वचेला भिडत नाही. पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचे मलम अधिक टिकाऊ संरक्षण देते. आईच्या दुधाचे थेंब लावून वाळू देणे, या जुन्या प्रथेला काही लहान अभ्यासांत अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत. त्वचा फाटून रक्त येत असेल, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवावेत.

काय टाळावे?

घरगुती म्हणजे निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही. एके काळी बाळाच्या पुरळीवर बोरिक पावडर सर्रास लावली जाई. सोललेल्या त्वचेतून ती रक्तात शिरते. तिच्यामुळे झालेल्या विषबाधेत अनेक अर्भके दगावली. खाण्याच्या सोड्यानेही अशाच मार्गाने रक्तातील रासायनिक समतोल बिघडल्याचे 1981 मध्ये नोंदवले गेले आहे. टाल्कम पावडरचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. मोहरीचे तेल, कडुलिंबाचा कडक काढा, जंतुनाशक द्रावण यांनी आग वाढते, तर उटण्याने चोळल्यास घर्षण वाढते.

दुकानातून आणलेले ‘खाजेचे मलम’ हा तर मोठाच धोका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. लंगोटाखालच्या झाकलेल्या त्वचेतून ते अधिक शोषले जाते. लाली तात्पुरती कमी होते. पण त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग आत वाढतच राहतो.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

साध्या पुरळीत जांघेच्या घड्या बहुधा मोकळ्या राहतात. घड्यांतच गडद लाली असेल आणि कडेला बारीक लाल पुटकुळ्या पसरल्या असतील, तर तो बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो. त्याला वेगळे औषध लागते. दोन-तीन दिवसांत उतार न पडणे, पू, फोड, ताप किंवा अंगावर पिणे कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. एक महिन्याच्या आतील बाळाला फोड आल्यास एक दिवसही थांबू नये. जुलाब असतील, तर ओआरएस व झिंक यांबाबत त्वरित सल्ला घ्यावा.

गावाची जबाबदारी

आशा कार्यकर्ती नवजात बाळाला पहिल्या 42 दिवसांत ठराविक दिवशी घरी जाऊन भेटते. घरोघरच्या नवजात सेवेची ही कल्पना महाराष्ट्रातच, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्यातून सिद्ध झाली. या भेटीत लंगोट सोडून त्वचा पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास दुखणे आरंभीच लक्षात येईल. शिक्षकांना हा विषय पालकसभेत मांडता येईल. पंचायत सदस्यांनी गोड्या पाण्याच्या पुरवठ्याकडे आणि वेचणीच्या दिवसांत तान्ह्या मुलांच्या सांभाळाकडे लक्ष पुरवावे. ज्या पट्ट्यात पांढरे सोने पिकते, तेथील बाळाला मऊ, कोरड्या सुती फडक्याची वाण पडू नये. आजीच्या बटव्यातले पारखून घ्यावे आणि घातक ते निःसंकोचपणे बाजूला सारावे, यातच बाळाचे हित आहे.