नव्या इंग्रजी शिक्षिकेला कानमंत्र

पोरी, पेणजवळच्या डोलवीत इंग्रजी शिकवायला निघालीस, तर चार गोष्टी कानात ठेव. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. पण आपल्या आगरी-कोळी घरांत ते कोण बोलतं? इथल्या पोलाद कारखान्यामुळे परप्रांतातून आलेल्या घरांतली मुलंही शेजारी बसतील. कितीतरी जणांच्या कानावर इंग्रजी पडेल ते तुझ्याच तासाला.

आधी मुलं नीट बघ. कुणी गाणं पटकन उचलतं, कुणी चित्रात रमतं, कुणी दुसऱ्याला समजावताना खुलतं. पण कुणावर शिक्का मारू नकोस. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्ता मांडल्या, त्या मुलांचे कप्पे पाडायला नव्हे. ज्याच्या-त्याच्या पद्धतीनेच शिकवलं की जास्त येतं, याला 2008 च्या संशोधन-आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. म्हणून प्रत्येक शब्द सगळ्यांनाच ऐकव, दाखव, करायला लाव.

मुलांना बोलतं करायची घाई करू नकोस. 'पुट द स्टोन अंडर द बेंच' म्हण, स्वतः करून दाखव, मग त्यांना करू दे. मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांची पद्धत हीच: आधी कृती, मग बोलणं. गप्प बसणाऱ्या पोराने दगड बरोबर बाकाखाली ठेवला, तर त्याला समजलंय. शाबासकी त्यालाही दे.

मुलांना जे येतं तिथून सुरुवात कर. पेणच्या गणपतींचं काम पाहिलेल्या मुलांना 'फर्स्ट, नेक्स्ट, लास्ट'चा क्रम वेगळा शिकवावा लागत नाही: साच्यात माती, मग वाळवणं, मग रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. या टप्प्यांचं चित्र एकाने काढावं, नावं दुसरीने लिहावीत, तिसऱ्याने उभं राहून सांगावं. पुढच्या आठवड्याला कामं बदल. खाडीवर चिंबोऱ्या धरणाऱ्या पोराला भरती-ओहोटीबद्दल बोलतं कर. अडलेला इंग्रजी शब्द तू पुरव.

स्पेलिंग घोकायला लावण्याआधी अक्षरांचे आवाज पक्के कर. आणि घरच्या बोलीत उत्तर आलं तर हसू नकोस, कुणाला हसूही देऊ नकोस. एकदा लाजलेलं मूल महिनोन्महिने तोंड उघडत नाही.

मूल ज्यात तरबेज आहे तिथून त्याला भाषेत ने. पण जिथे ते कच्चं आहे, तिथेही त्याला हात धरून नेल्याशिवाय वर्ष संपवू नकोस.